मस्तानी: वस्त्र, अलंकार आणि मेजावरील सामान

मस्तानी ही अठराव्या शतकातील एक स्त्री, विसाव्या शतकातील एका कादंबरीची नायिका आणि एकविसाव्या शतकातील एक ‘व्हरायटी’ आहे. व्हरायटी स्मॉलपासून डबल एक्सेलपर्यंत मिळते. तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाचे ढोबळमानाने चार वर्ग पडतात: अंगात घालायचा, नाकाकानात घालायचा, ऑफिसच्या टेबलावर मांडायचा आणि प्यायचा. शेवटचा वर्ग सर्वांत जुना. घट्ट दूध, आइस्क्रीमचा गोळा, वर सुकामेवा आणि हंगामात आंबा अशी रचना असलेला हा पदार्थ पुण्यात मस्तानी याच नावाने कित्येक दशके प्यायला जातो, आणि त्यावरून कोणाच्या भावना दुखावल्याचे ऐकिवात नाही. पुण्यात भावना दुखावण्याआधी उन्हाळा पाहिला जातो.

मूळ व्यक्तीविषयी खात्रीने सांगता येईल असे फार थोडे आहे. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या फौजांनी बुंदेलखंडात म्हाताऱ्या छत्रसालाला कोंडीत पकडले, तेव्हा पहिला बाजीराव त्याच्या मदतीला धावून गेला. मस्तानी त्याच सुमारास बाजीरावाच्या आयुष्यात आली असे मानतात. ती छत्रसालाची मुलगी होती, त्याच्या दरबारातली कलावंतीण होती की आणखी कोठून आलेली होती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पेशव्यांच्या कागदांत तिचे नाव प्रथम येते ते १७३० मधील बाजीरावाच्या मुलाच्या, नानासाहेबांच्या लग्नाच्या संदर्भात, म्हणजे घरच्या कार्यात. पुढे शनिवारवाड्यात तिच्यासाठी महाल उठला, पाबळ गाव इनाम मिळाले, समशेर बहाद्दर हा मुलगा झाला. तो १७६१ मध्ये पानिपतावर लढला आणि त्याच जखमांनी गेला. १७४० च्या आरंभी घरात रघुनाथरावाची मुंज आणि सदाशिवरावाचे लग्न निघाले, तेव्हा मस्तानीच्या प्रकरणावरून भिक्षुक अडून बसले. घरच्यांनी तिला कैदेत ठेवले. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला आणि पाठोपाठ तीही गेली. कशी गेली याच्या तीन-चार कथा आहेत, पुरावा एकाही कथेला नाही. कबर पाबळला आहे.

तिचे समकालीन आणि अस्सल ठरलेले चित्र उपलब्ध नाही. ती काय नेसत होती, कोणते दागिने घालत होती, केस कसे बांधत होती, याची यादी नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल नावाचे दालन पुन्हा उभारलेले आहे. तिथे खांब पाहता येतात, कपाट पाहता येत नाही. लोकांच्या तोंडी राहिलेले एकच वर्णन आहे: विडा खाल्ला की पानाचा लाल रस तिच्या गोऱ्या गळ्यातून उतरताना दिसे. या वर्णनावर आधारलेले एकही उत्पादन अजून आलेले नाही, ही बाजाराची अक्षम्य ढिलाई होय.

व्यापाराच्या दृष्टीने ही सगळी परिस्थिती आदर्श आहे. जिच्या दागिन्यांची यादी दफ्तरात सापडते, तिच्या नावाने काही नवे काढले की एखादा निवृत्त प्राध्यापक ती यादी घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीत हजर होतो. मस्तानीच्या बाबतीत प्राध्यापकाच्या हाती काही नाही आणि दुकानदाराच्या हाती कापडाचे ठाण आहे. पुरावा जिथे संपतो तिथून शिवणकाम सुरू होते.

मधला दुवा कादंबरीचा. ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘झेप’, ‘झुंज’, ‘मंत्रावेगळा’ लिहिणाऱ्या इनामदारांना पेशवाईचे कागद तोंडपाठ होते, आणि कागद जिथे गप्प बसले तिथे त्यांनी मस्तानीला बोलते केले. मराठी मध्यमवर्गाने ही कादंबरी वाचनालयातून आणली, पाळीपाळीने वाचली आणि मुदत टळल्यावर दंड भरून परत केली. तिच्यामुळे कोणाचा कपडालत्ता बदलला नाही. १९७२ पासून २०१५ पर्यंत ‘राऊ’ वाचून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांनी रुमाल वापरला तो घरचाच.

१८ डिसेंबर २०१५ रोजी हा संयम सुटला. संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ त्या दिवशी प्रदर्शित झाला. आधार ‘राऊ’चा, पोशाख अंजू मोदींचे, मस्तानीच्या भूमिकेत दीपिका पदुकोण आणि बाजीरावाची पत्नी काशीबाई हिच्या भूमिकेत प्रियांका चोप्रा. आरसेमहालात सोनेरी घेर गरगर फिरला आणि देशभरच्या कापडबाजाराला आपले ऐतिहासिक कर्तव्य उमगले. पुण्यात मात्र आधी निदर्शने झाली आणि काही खेळ रद्द करावे लागले. मुख्य आक्षेप ‘पिंगा’ या गाण्याला होता. काशीबाई आणि मस्तानी यांनी असे एकत्र नाचणे शक्यच नाही, असे पेशव्यांच्या वंशजांनी आणि इतिहासप्रेमींनी ठणकावले. आक्षेप इतिहासाला धरून होता. त्यानंतरच्या हळदीकुंकवांत, गॅदरिंगांत आणि सोसायटीच्या गणपतीत त्या गाण्यावर दोघी-दोघी नाचल्या, कारण गाण्यात भूमिका दोन होत्या आणि प्रत्येक सोसायटीत हौशी बायका निदान दोन असतातच. काठाची ‘पिंगा साडी’ दोघींसाठी एकाच दुकानातून आली. जोडीने घेतल्यास सूट.

वस्त्रांमध्ये प्रमुख प्रकार ‘मस्तानी ड्रेस’. टाचेपर्यंत लोळणारा घेर, छातीपाशी जरीकाम, लांब बाह्या, खाली चुडीदार आणि वर ओढणी, असा हा पोशाख वस्तुतः जुन्या अनारकलीचा लांबवलेला अवतार आहे. अनारकलीची गोष्ट याहून बोधप्रद. ती अकबराच्या दरबारात होती की नव्हती याचीच शंका आहे. आज तिची जी ओळख आहे ती इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या नाटकाने आणि १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’ने घडवली. मस्तानी निदान होऊन गेली, हे नक्की. तेव्हा जी बहुधा नव्हतीच तिच्या नावाच्या पोशाखाला, जी होती पण दिसली नाही तिचे नाव देऊन, जी पडद्यावर दिसली तिच्या अंगावरून माप घेतलेले आहे. ग्राहकाला हे समजावून सांगण्याची गरज पडत नाही. त्याला घेर किती मीटरचा, एवढेच विचारायचे असते.

दुसरा प्रकार शिवलेली नऊवारी. नऊवारी नेसायला येणाऱ्या बायका घरात कमी झाल्या, तसा शिंपी पुढे आला. कासोटा आधीच घालून, निऱ्या आधीच शिवून, कमरेला इलॅस्टिक आणि बाजूला चेन लावून मिळणाऱ्या या साडीच्या जाती दुकानाच्या फलकावर लिहिलेल्या असतात: ब्राह्मणी, पेशवाई, राजलक्ष्मी, शाही मस्तानी. सगळ्यात घेरदार ती शाही मस्तानी. ज्या घरच्या कार्यात मस्तानीच्या नावावरून पाट मांडायला भिक्षुक राजी नव्हते, तशाच कार्यात आज मुलाची आई ‘शाही मस्तानी’ नेसून मुंजीला उभी राहते आणि भटजी अक्षता द्या म्हणतात. साडी शिवलेली असल्याने मध्येच सुटण्याची भीती नसते, शिवाय मोबाइलसाठी आत खिसा असतो. बुंदेलखंडातून आलेली स्त्री नऊवारी नेसत होती का, हा प्रश्न त्या खिशात बसत नाही.

अलंकारांत नथ अग्रगण्य. नथीविना मराठमोळेपण पूर्ण होत नाही, असा आज समज आहे. संशोधक प. कृ. गोडे यांनी १९३० च्या दशकात नथीच्या प्राचीनतेचा शोध घेतला, तेव्हा जुन्या संस्कृत वाङ्मयात तिचा पत्ता लागला नाही. नाकातला दागिना या देशात मध्ययुगात रुळला असावा, असा निष्कर्ष निघाला. तो नथ घालणाऱ्यांपर्यंत पोहोचलेला नाही आणि पोहोचला तरी काही फरक पडणार नाही, कारण बहुतेक नथी आता दाबाच्या असतात. नाक टोचलेले नसले तरी चालते. बाजारात ‘मस्तानी नथ’ आणि ‘काशीबाई नथ’ अशा दोन स्वतंत्र वस्तू मिळतात. दोन्हींत खोटे मोती, एक गुलाबी खडा आणि पितळेची तार असते. फरक कार्डावरच्या नावाचा. त्यांच्या जोडीला चिंचपेटी, तन्मणी, ठुशी, वाकी, खोप्याचे आकडे आणि कपाळावर चंद्रकोर अशी सगळी मंडळी ‘वन ग्रॅम’मध्ये एका डबीत येतात. डबीवर शनिवारवाड्याचा दरवाजा छापलेला असतो. तो दिल्ली दरवाजा असतो. उत्तरेच्या तटात खुद्द मस्तानी दरवाजा नावाचा एक दरवाजा आहे, पण तो छापला तर कोणी ओळखत नाही.

मेजावरील सामान हा या विषयाचा सर्वांत वेगाने वाढलेला भाग. त्याचा कच्चा माल खण. खण म्हणजे चोळीचे काठदार कापड. कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला ते पिढ्यान्‌पिढ्या विणले जाते आणि महाराष्ट्रात त्याचे काम चोळी शिवणे आणि ओटी भरणे. प्रत्यक्षात चोळ्या कमी शिवल्या जातात. ओटीत आलेला खण कपाटात जातो, कपाटातून दुसरीच्या ओटीत जातो, तिथून तिसरीच्या. कित्येक खण कात्रीचे तोंड न पाहता डझनभर घरे फिरून मूळ मालकिणीकडे परत आलेले आहेत, आणि ते तिने ओळखून पुन्हा पुढे पाठवलेले आहेत. ही जुनी, कार्यक्षम व्यवस्था डायरीने मोडली. खणाची डायरी निघाली, मागोमाग खणाचा पेनस्टँड, चष्म्याचे घर, माऊसपॅड, लॅपटॉपची खोळ, चहाच्या कपाखालची चकती आणि आयकार्डची दोरी. दिवाळीत कंपन्या हा सगळा ऐवज ‘पेशवाई हँपर’ म्हणून कर्मचाऱ्यांना वाटतात. बोनसची चर्चा त्यामुळे थोडी लांबते.

बुंदेलखंडच्या मस्तानीचा बागलकोटच्या चोळीशी काय संबंध, असे कोणी विचारत नाही. मध्ये ‘पेशवाई’ हा शब्द घातला की संबंध जुळतो. या शब्दाचा फायदा असा की त्यात १७२० चा बाजीरावही येतो आणि १८१८ चाही, लढाईही येते आणि दक्षिणाही, शिवाय पुरणपोळी, झोपाळा आणि सनईचा गजर हे सर्व भरता येते. वर्षांचा हिशेब मागण्याचा प्रघात नाही.

डायरीवर, मगवर आणि माऊसपॅडवर जे चित्र असते, त्याचा स्वतंत्र विचार करावा लागेल. त्यात एक स्त्री असते. तिला खोपा असतो, गजरा असतो, चंद्रकोर असते, भलीमोठी नथ असते. डोळे, नाक आणि ओठ नसतात. नथ हवेत तरंगते. ही शैली चित्रकाराच्या सोयीतून आली, कारण चेहरा काढायला वेळ लागतो आणि तो काढला की कोणाला तरी तो आवडत नाही. पण जिचे एकही विश्वासार्ह चित्र उपलब्ध नाही, तिचा चेहराच न काढणे ही इतिहासलेखनातली मोठी शिस्त म्हणावी लागेल. ती संशोधन मंडळांना पाळता आली नाही, मगवाल्यांना नकळत पाळता आली.

खऱ्या पेशवाईत मेजावरचे सामान कसे होते, याची नोंद इथे करणे भाग आहे. मेज नव्हते. फडावरचा कारकून बैठकीवर मांडी घालून बसे. समोर कलमदान, त्यात बोरू आणि दौत, ओली शाई टिपायला बारीक वाळू, आणि लिहायला जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद. लिपी मोडी, हात उचलायचा नाही. लिहून झालेले कागद एका चौकोनी फडक्यात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पुरालेखागारात असे हजारो रुमाल आहेत. त्यांतून निवडून गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात पेशवे दफ्तराचे ४५ खंड छापले, तरी गाठोडी उरलीच. थोडक्यात, अस्सल पेशवाई पद्धतीचे ऑफिस-सामान हवे असेल तर जाड कापडाचा एक तुकडा पुरतो. त्याला चेन नको, अस्तर नको, नथवाल्या बाईचे चित्र नको. हे उत्पादन मात्र बाजारात नाही. रुमालात कागद ठेवावे लागतात, आणि कागद ठेवले की कोणी तरी वाचायला मागतो.

कादंबरीतल्या नायिकेला दुकानात आणून बसवण्याचा पहिला मान पुण्याला देता येत नाही, ही गोष्ट पुणेकरांना लागेल. तो लंडनकडे जातो. चार्ल्स डिकन्स यांची ‘बार्नबी रज’ ही ऐतिहासिक कादंबरी १८४१ ची. विषय १७८० च्या लंडनमधील दंगलींचा. त्यात कुलुपे करणाऱ्या एका कारागिराची डॉली व्हार्डन ही नटवी, गोड मुलगी आहे. वाचकांना दंगलींपेक्षा ती लक्षात राहिली. डिकन्सनी विल्यम फ्रिथ या चित्रकाराकडून तिचे चित्र काढून घेतले, वीस पौंडांत. १८७० मध्ये डिकन्स वारले, त्यांच्या वस्तूंचा लिलाव झाला आणि तेच चित्र हजार गिनींना गेले. झाले. इंग्लंड-अमेरिकेत डॉली व्हार्डन पोशाखाची साथ आली: फुलाफुलांच्या कापडाचा वरचा झगा, तो मागे फुगवून वर खोचलेला, खालून भडक रंगाचा घागरा आणि डोक्यावर तिरकी गवती टोपी. म्हणजे मुलगी १७८० ची, लेखणी १८४१ ची, शिंपी १८७२ चा. हे नव्वद वर्षांचे अंतर कोणाला खुपले नाही. पुढे डॉली व्हार्डन नावाची गाणी आली, केक आला, खाणी आल्या, १८८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात कृष्णवर्णीय स्त्रियांचा एक बेसबॉल संघही आला. कॅलिफोर्नियातल्या एका ठिपकेदार माशाला कोणी तरी त्या कापडावरून डॉली व्हार्डन म्हटले आणि ते नाव चिकटले. फॅशन चार-पाच वर्षांत ओसरली, गाणी विसरली गेली, कादंबरी आज डिकन्सच्या सर्वांत कमी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांत मोजतात. मासा तेवढा त्या नावाने पोहतो आहे.

मस्तानीच्या नावाचा मासा अजून नाही. तलाव मात्र आहे, दिवे घाटाच्या पायथ्याला, त्यामुळे शक्यता खुली आहे. डिकन्स आणि इनामदार यांच्यात आणखी एक साम्य आढळते. इनामदार २००२ मध्ये गेले, चित्रपटाच्या तेरा वर्षे आधी. माल सुटण्याआधी लेखकाने निरोप घेणे हे या व्यवसायाला सोयीचे ठरते, कारण लेखक मागे राहिला तर आपण लिहिलेले कोणी वाचले का, अशी चौकशी करतो.

प्रत्येक ऐतिहासिक नायिका या उपयोगाला येत नाही. पेशवाईवरच्या कादंबऱ्यांत बायका पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काहींनी मस्तानीपेक्षा कितीतरी जास्त राजकारण केले. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’तील रमाबाईंवर मराठी वाचक १९६२ पासून जीव टाकतो. पण त्या थेऊरला सती गेल्या, आणि त्या प्रसंगावर भेटवस्तू बेतणे हँपरवाल्यांनाही जड जाते. गोपिकाबाईंच्या नावाने अद्याप काही निघालेले नाही. निघाले तर हजेरीपुस्तक निघेल. आनंदीबाईंची उपेक्षा मात्र समजण्यापलीकडची आहे. ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका जिच्या नावावर दोनशे वर्षे चिकटलेली आहे, तिच्या नावाचा व्हाइटनर एकाही कार्यालयात नसावा, याला काय म्हणावे? मेजावरील सामानात इतिहासाशी इतकी जवळीक साधणारी वस्तू दुसरी नाही. पण आनंदीबाईंची नथ कोणाला घालायची नसते, आणि ज्या बाईची नथ विकली जात नाही तिचा व्हाइटनरही विकला जात नाही, असा बाजाराचा नियम आहे.

निगेविषयी काही व्यावहारिक सूचना मालासोबत येतात. मस्तानी ड्रेस घरी धुऊ नये. जरी काळी पडते आणि घेर वाळत घालायला सदनिकेत जागा नसते. सरकत्या जिन्यावर चढताना घेर दोन्ही हातांनी उचलून धरावा. शिवलेली नऊवारी नेसताना आधी पाय कोणत्या भोकात घालायचा ते पाहून घ्यावे. खणाच्या डायरीवर चहा सांडल्यास रंग कागदात उतरतो, म्हणून तीत काही महत्त्वाचे लिहू नये. बहुतेक ग्राहक ही सूचना आधीपासूनच पाळतात. दाबाची नथ शिंकेसरशी पडते. मस्तानी आणि काशीबाई यांपैकी एक नथ हरवल्यास दुसरी तिच्या जागी चालते.